जुन्या इमारतीचा इतिहास कसा शोधावा?



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया व राजेरजवाडे उभे राहतात. इतिहास हा पुस्तकांत असतो व तो घडला तीं स्थळें दूर कोठें तरी असतात, अशी आपली समजूत होऊन बसलेली आहे. परंतु ज्या राजरस्त्यानें आपण रोज शाळेंत येतों, त्याच रस्त्यावरील एखादी जुनी इमारत घ्यावी आणि ती कोणी बांधिली, केव्हां बांधिली, कशासाठीं बांधिली व पुढें तिच्यांत काय काय घडलें, हे चार प्रश्न विचारून पाहावे. त्यांचीं उत्तरें कोणत्याही पाठ्यपुस्तकांत सांपडणार नाहींत. तीं आपणांसच शोधून काढावीं लागतील. हें काम विद्यार्थ्यास करतां येण्याजोगें आहे. त्यास फारसा पैसा लागत नाहीं. लागते ती चिकाटी, आणि ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीस 'हें कशावरून?' असें विचारण्याची संवय.

नुसते नियम सांगत बसल्यास विषय नीरस होईल. म्हणून एक खरी इमारत उदाहरणादाखल घेऊं. मुंबईस कोट विभागांत, काळा घोडा या नांवानें प्रसिद्ध असलेल्या चौकाजवळ, महात्मा गांधी मार्गावर एस्प्लनेड मॅन्शन नांवाची एक पांच मजली इमारत आहे. हीच एके काळचें सुप्रसिद्ध 'वॉटसनचें हॉटेल' होय. तिच्या इतिहासाचा माग कसकसा लागतो हें पाहिलें म्हणजे आपल्या गांवच्या पेठेंतील घराचा मागही त्याच रीतीनें कसा काढावा, हें ध्यानांत येईल.

इमारत हाच पहिला कागद

इतिहास शोधावयास निघालेला मनुष्य बहुधा प्रथम कोणा वृद्ध गृहस्थाकडे जातो किंवा ग्रंथालय गांठतो. दोन्ही गोष्टी योग्य आहेत. पण त्यांची पाळी नंतरची. प्रथम इमारतीसमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूस, वही घेऊन उभें राहावें. तळमजल्याकडे पाहून फारसें हातीं लागत नाहीं. कारण दुकानदार बदलला कीं पाट्या, दरवाजे व काचा सर्व कांहीं बदलतें. जुनें रूप शिल्लक राहतें तें वरच्या मजल्यांवर व मागील बाजूस. म्हणून मान वर करून पाहावें. सर्व खिडक्या एकाच घाटाच्या आहेत काय? भिंतींत कोठें सांधा दिसतो काय? दर्शनी भागावर साल किंवा आद्याक्षरें कोरलेलीं आहेत काय? लोखंडी खांबावर ओतकाम करणाऱ्या कारखान्याचें नांव पुष्कळदां उठविलेलें असतें, तें दिसतें काय? आपल्याकडील वाडा असेल तर घडीव दगडाचें जोतें, विटांचें काम व सागवानी खांब आणि तुळया यांची वेगवेगळी नोंद करावी; कारण जोतें एका काळचें व वरचा मजला दुसऱ्या काळचा, असा प्रकार नेहमीं आढळतो.

वॉटसनच्या हॉटेलासमोर असें उभें राहिलें असतां पहिलीच गोष्ट मनांत भरते ती ही कीं, जवळच असलेल्या डेव्हिड ससून ग्रंथालयासारख्या दगडी इमारतींशीं हिचें मुळींच साम्य नाहीं. हिचा सांगाडा लोखंडाचा आहे. मजल्यावर मजले लोखंडी खांबांनीं व तुळयांनीं पेललेले असून मधल्या विटांच्या भिंती केवळ पोकळी भरून काढण्यापुरत्या आहेत. इमारतीचा भार त्या वाहत नाहींत. एवढें निरीक्षण झालें कीं पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: हें लोखंड आलें कोठून? अभ्यासकांनीं त्याचा माग काढला, तो इंग्लंडांतील डर्बी येथील फिनिक्स फाउंड्री या कारखान्यापर्यंत जाऊन पोंचला. तेथें निरनिराळे भाग ओतून ते जहाजानें मुंबईस आणिले व येथें जोडून इमारत उभी केली. तिची रचना रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियरानें केली. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाच्या प्रचंड लोखंडी छपराच्या कामांत व १८७३ सालीं खुल्या झालेल्या आल्बर्ट पुलाच्या रचनेंत याच गृहस्थाचा हात होता. म्हणजे मुंबईच्या एका चौकांतील खांबापासून निघालेला धागा आगगाड्या, पूल व आगबोटी यांच्या युगापर्यंत जातो. हा धागा हातीं लागला तो भिंतीकडे नीट पाहिल्यामुळें.

नांवें बदलतात, जागा बदलत नाहीं

दुसरी पायरी कागदपत्रांची. येथें नवशिक्यास अडविणारी मोठी अडचण नांवांची असते. वर सांगितलेलीच इमारत कोठें 'वॉटसनचें एस्प्लनेड हॉटेल' या नांवानें येते, कोठें 'महेंद्र मॅन्शन' या नांवानें, तर कोठें 'एस्प्लनेड मॅन्शन' या नांवानें. ज्या रस्त्यावर ती उभी आहे तो आज महात्मा गांधी मार्ग असला तरी जुन्या कागदांत त्यास एस्प्लनेड रोड म्हटलेलें आहे. जो शोधक आजचेंच नांव घेऊन जुनीं वर्तमानपत्रें चाळूं लागेल, त्यास कांहींच सांपडणार नाहीं व माहिती उपलब्ध नाहीं असा चुकीचा निष्कर्ष काढून तो परत येईल. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर इमारतीचीं, रस्त्याचीं व मोहल्ल्याचीं सर्व जुनींनवीं नांवें लिहून ठेवावीं.

नांवांपेक्षां अधिक स्थिर खूण म्हणजे भूमापनाचा क्रमांक. शहरांत प्रत्येक मिळकतीस असा क्रमांक असतो व नगर भूमापन कार्यालयांत तिची मिळकत पत्रिका मिळते. तीवर मालकाचें नांव, क्षेत्रफळ व मालकींत झालेले फेरफार नोंदलेले असतात. आजच्या मालकापासून निघून त्याच्या पूर्वीचा मालक, त्याच्याही पूर्वीचा मालक, असें एकेक पाऊल मागें जावें. एकदम शंभर वर्षें मागें उडी मारूं नये, कारण अशा उडींतच दोन शेजारच्या घरांचा इतिहास एकत्र मिसळून जातो. खरेदीखतें दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदलेलीं असतात. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या जुन्या वह्यांत मजल्यांची व उपयोगाची नोंद मिळूं शकते. एखाद्या वर्षीं घरपट्टी एकाएकीं वाढलेली दिसली, तर त्या सुमारास नवीन मजला चढला असावा, असा तर्क करून तो इतर पुराव्यांनीं ताडून पाहावा.

सरकारी दप्तरखाने हें याहूनही मोठें भांडार आहे. मुंबईचा दप्तरखाना १८२१ सालीं स्थापन झाला, आणि ज्या एल्फिन्स्टन कॉलेजाच्या इमारतींत तो दीर्घकाळ वसला ती वॉटसनच्या हॉटेलापासून हांकेच्या अंतरावर आहे. पुण्यास पेशवे दप्तर आहे. पण तेथील कागद मोडी लिपींत असल्यामुळें जो विद्यार्थी मोडी शिकेल त्यासच तें उघडेल. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांना ही लिपि हाताच्या मळासारखी अवगत होती. ती शिकण्यास कांहीं महिन्यांचा नियमित सराव पुरतो.

साल कसें ठरवावें

वॉटसनच्या हॉटेलाविषयीं वाचूं लागलें असतां एक चमत्कारिक विसंगति आढळते. कांहीं ठिकाणीं तें १८६० ते १८६३ या काळांत बांधलें असें छापलेलें आहे. उलट बारकाईनें संशोधन करणाऱ्यांनीं १८६७ ते १८७१ हा काळ दिला आहे. आतां यांपैकीं खरें कोणतें? ज्याच्या बाजूस अधिक पुस्तकें तें खरें, असें मानूं नये; कारण एकानें केलेली चूक दहा जण उतरून घेतात. अशा वेळीं त्या काळच्या इतर निश्चित गोष्टींशीं मेळ घालून पाहावा.

मुंबईच्या कोटास पूर्वीं तटबंदी होती. सर बार्टल फ्रियर हे १८६२ पासून १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दींत हा तट पाडण्यांत आला व मोकळ्या झालेल्या जमिनीचे तुकडे पाडून ते विकण्यांत आले. त्याच सुमारास, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें तेथील कापूस इंग्लंडास मिळेना व मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शहरांत पैशाचा पूर लोटला व जमिनीच्या किंमती आकाशास भिडल्या. याच तेजींत, १८६४ सालीं, जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्यानें एस्प्लनेडवरील जमीन घेतली. जी जमीनच १८६४ मध्यें घेतली, तीवरील इमारत १८६३ मध्यें पुरी कशी होईल? युद्ध संपतांच १८६५ सालीं तेजी ओसरली व कित्येक मोठ्या पेढ्या बुडाल्या. लोखंडाच्या जोडणीचें काम १८६७ नंतर सुरू झालें व हॉटेल १८७१ सालीं उघडलें. येणेंप्रमाणें एका साध्या तारखेच्या प्रश्नांतून आपण अमेरिकेंतील युद्धापर्यंत जाऊन आलों आणि कोणतें साल टिकतें हेंही ठरलें.

यावरून आणखी एक धडा घ्यावा. 'इमारत अमक्या सालीं बांधिली' या वाक्यांत चार निरनिराळ्या तारखा दडलेल्या असूं शकतात: जमीन घेतल्याची, पाया घातल्याची, काम पुरें झाल्याची व वापर सुरू झाल्याची. आपण कोणती देत आहों तें स्पष्ट लिहावें. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं प्रसिद्ध झालें व आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ सालीं. एक ग्रंथ या हॉटेलाच्या पूर्वींचा व दुसरा नंतरचा. शहराचीं अशीं दोन वर्णनें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे मधल्या काळांत काय उठलें व काय नाहींसें झालें तें सहज कळतें.

जुन्या छायाचित्रांचें सालही अशाच खुणांवरून ओळखावें. काळा घोडा हें नांव ज्या पुतळ्यावरून पडलें, तो युवराज एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा आल्बर्ट ससून यांनीं दिला. तो १८७९ सालीं तेथें बसविला व १९६५ सालीं तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानांत नेला. चौकाच्या चित्रांत हा पुतळा असेल, तर तें चित्र या दोन सालांमधलें होय. मुंबईंत घोड्यांची ट्राम १८७४ पासून १९०५ पर्यंत चालली व विजेची ट्राम १९०७ पासून १९६४ पर्यंत. म्हणून चित्रांत पुतळा व घोड्यांची ट्राम हीं दोन्ही एकदम दिसलीं, तर तें १८७९ ते १९०५ या काळांतील ठरतें. मात्र एखादी वस्तु चित्रांत नाहीं, एवढ्यावरून ती त्या काळीं नव्हतीच असें म्हणूं नये; ती चौकटीबाहेर राहिलेली असूं शकते.

भिंतींआडचीं माणसें

मालकांची वंशावळ व बांधकामाचें साल मिळालें म्हणजे इतिहास पुरा झाला असें नव्हे. इमारतींत वावरलेलीं माणसें हाच तिचा प्राण होय. तीं शोधण्यास जुनीं वर्तमानपत्रें फार उपयोगी पडतात, आणि त्यांतही जाहिराती. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसनच्या हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. पॅरिस येथें त्यांचा पहिला तिकिटाचा खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजीं झाला होता. म्हणजे तेव्हांपासून सात महिन्यांच्या आंत ही नवलाई मुंबईस येऊन पोंचली. सहा लहान चित्रें दाखविण्यांत आलीं. त्यांत स्टेशनांत शिरणारी आगगाडी व कारखान्यांतून बाहेर पडणारे कामगार हीं चित्रें होतीं. दर एक रुपया होता. हिंदुस्थानांतील चलच्चित्राचा हा पहिला खेळ मानतात. पुढें १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत होऊं लागले, आणि थोड्याच वर्षांनीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी छायाचित्रकारानें मुंबईंतील कुस्तीचें चलच्चित्र स्वतः घेतलें. हॉटेलांतील त्या खेळाची तारीख, वेळ व दर आज आपणांस ठाऊक आहेत ते जाहिरातीमुळें. जाहिरात देणाऱ्याचा हेतु तिकिटें खपविण्याचा असतो, इतिहास लिहिण्याचा नसतो. म्हणूनच तिच्यांतील विशेषणांवर विश्वास ठेवूं नये; पण तारीख, स्थळ व दर यांवर ठेवावा, कारण तीं चुकवून त्यास कांहींच मिळवावयाचें नव्हतें.

त्याच वर्षीं जानेवारींत प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांचा मुक्काम या हॉटेलांत होता. आपल्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं १८९७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत ते सांगतात कीं, खोलीची व्यवस्था लावून देण्यास आलेल्या एका धिप्पाड जर्मन मनुष्यानें, दरवाजा नीट करीत गुडघ्यांवर बसलेल्या देशी नोकराच्या तोंडांत मारली आणि मगच त्याचें काय चुकलें तें सांगितलें. नोकरानें निमूटपणें तें सोसलें. तें पाहून ट्वेन यांना आपल्या बालपणींचे गुलामगिरीचे दिवस आठवले. मालकाचें नांव प्रत्येक पुस्तकांत आहे. त्या नोकराचें नांव त्या पुस्तकांत नाहीं. शोधकानें अशा बिननांवाच्या माणसांकरितांही आपल्या वहींत जागा ठेवावी.

पुढें हॉटेल बंद झालें, मोठीं दालनें फळ्या घालून तोडण्यांत आलीं व तेथें बिऱ्हाडें, दुकानें आणि वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या. हाही इतिहासच होय. अलीकडच्या काळासाठीं वृद्ध रहिवाशांस नम्रपणें भेटावें. त्यांचें बोलणें लिहून घेतांना वहीच्या पानावर दोन रकाने पाडावे: एकांत त्यांनीं स्वतः पाहिलेलें, दुसऱ्यांत त्यांनीं ऐकलेलें. हे दोन रकाने कधींही एक होऊं देऊं नयेत.

आवडती कथा व तिची परीक्षा

प्रत्येक जुन्या इमारतीस एक आवडती कथा चिकटलेली असते. या हॉटेलाची कथा अशी कीं, जमशेटजी टाटा यांस ते हिंदी म्हणून येथें प्रवेश नाकारण्यांत आला आणि त्या अपमानाचें उत्तर म्हणून त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधिलें. कथा ऐकतांच मनास पटते. आणि नेमकी म्हणूनच तिची परीक्षा अधिक कसोशीनें केली पाहिजे.

परीक्षेचे प्रश्न तीन. ही गोष्ट प्रथम कोणी व केव्हां लिहिली? ती सर्वत्र सारखीच सांगितली जाते काय? आणि त्या कृतीचीं दुसरीं कारणें दिसतात काय? या कथेच्या बाबतींत, सांगणारा बदलला कीं हॉटेलाचें नांवही कधीं कधीं बदलतें. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. त्यापूर्वीं १८९६ पासून मुंबईंत प्लेगानें थैमान घातलें होतें व शहराची पत सांवरण्यास, बाहेरच्या प्रवाशांस आकर्षून घेणारें उत्तम हॉटेल हवें, ही गरज स्पष्ट होती. जमशेटजींच्या दूरदृष्टीशीं हें कारण अधिक जुळतें. म्हणूनच कित्येक अभ्यासकांनीं अपमानाच्या कथेविषयीं शंका घेतली आहे. आपण ती सांगावी ती 'असें सांगतात' या शब्दांनीं. घडलेली गोष्ट म्हणून नव्हे.

परंतु दंतकथा म्हणून ती फेंकूनही देऊं नये. ती लोकांच्या जिभेवर इतकीं वर्षें कां टिकली, हा स्वतंत्र व महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर ट्वेन यांनीं पाहिलेल्या त्या थपडेंत आहे. श्रीमंत गृहस्थाच्या अपमानाची कथा संशयित असेल. गरीब नोकराचा अपमान मात्र पाहणाऱ्यानें लिहून ठेवलेला आहे. ज्यांनीं असे अपमान सोसले, त्यांस ताजमहालची कथा खरी वाटली, यांत नवल तें काय?

हें सर्व कशासाठीं?

कोणी म्हणेल कीं, एका जुनाट इमारतीसाठीं एवढी यातायात कशाला? त्याचें उत्तर याच इमारतीच्या अलीकडील इतिहासांत आहे. २००५ सालीं जगांतील धोक्यांत आलेल्या शंभर वारसास्थळांची यादी प्रसिद्ध झाली, तींत हिचें नांव होतें. आणि त्याच सालच्या पावसाळ्यांत हिच्या सज्जाचा भाग कोसळून एक मनुष्य मृत्यु पावला. २०१९ सालीं उच्च न्यायालयाच्या आदेशानें ती रिकामी करण्यांत आली. ती पाडावी, असें कांहीं तज्ज्ञांचें मत पडलें. ती दुरुस्त होऊं शकते, असें इतरांनीं सांगितलें. येथें दोन्ही बाजूंस खरें वजन आहे. खालून जाणाऱ्या पादचाऱ्याचा जीव कोणत्याही खांबाहून मोलाचा आहे; आणि एकदां पाडलेलें ओतीव लोखंडाचें तें काम पुन्हां कोणी उभारूं शकणार नाहीं. अशा प्रसंगीं योग्य निर्णय व्हावयाचा, तर काय राखावयाचें आहे व तें कां राखावयाचें, हें आधीं ठाऊक असलें पाहिजे. संशोधकांनीं डर्बीपासून काळा घोड्यापर्यंतचा माग काढला नसता, तर तिच्या बाजूनें बोलावयास कोणाजवळ शब्दच नसते.

आपल्या गांवच्या पेठेंतील इमारतीवर मात्र असे संशोधक बहुधा येणार नाहींत. तें काम आपलें. येत्या सुटींत दोघां-तिघांनीं मिळून एक इमारत निवडावी. मालकाची परवानगी घ्यावी. प्रथम चित्र काढावें, मग नांवें गोळा करावीं, मग कागद पाहावे, शेवटीं माणसांस भेटावें. आणि वहींतील प्रत्येक नोंदीपुढें ती कोठून मिळाली व कोणत्या दिवशीं मिळाली तें लिहावें.

पालकांसही एक विनंति आहे. घर आवरतांना जुनीं खरेदीखतें, घरपट्टीच्या पावत्या, दुकानाच्या चोपड्या व छायाचित्रें रद्दींत घालूं नयेत. छायाचित्रांच्या पाठीमागें त्यांतील माणसांचीं नांवें व साल पेन्सिलीनें हलक्या हातानें लिहून ठेवावें. कारण तीं नांवें सांगूं शकणारीं माणसें आज घरांत आहेत. मुलांनीं वही घेऊन त्यांच्याजवळ बसावें, तें याच सुटींत.